पेनड्राइव्हमध्ये जे आहे ते: जळगावातील एका म्युझिक प्लेअरच्या फॉरमॅट-निवडीचे प्रकरण

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एक छोटा कारखाना अनेक वर्षांपासून सार्वजनिक वापराचे अ‍ॅम्प्लिफायर तयार करतो. त्याचे गिऱ्हाईक ठरलेले आहे: रावेर-यावलपासून अमळनेर-शिरपूरपर्यंतचे मंडपवाले, साउंडवाले, देवस्थानांचे विश्वस्त, भजनी मंडळे आणि काही ग्रामपंचायती. अ‍ॅम्प्लिफायरच्या दर्शनी पट्टीवर पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड लावण्यासाठी जी खाच असते, तिच्यामागचा प्लेअर आजवर बाजारातून तयार आणून बसवला जात असे. या तयार प्लेअरबद्दलच्या तक्रारी जेव्हा खुद्द अ‍ॅम्प्लिफायरबद्दलच्या तक्रारींपेक्षा जास्त येऊ लागल्या, तेव्हा मालकांनी स्वतःचा प्लेअर-बोर्ड तयार करण्याचे ठरवले आणि त्यावर कोणकोणते ध्वनि-फॉरमॅट चालावेत हे निश्चित करण्याच्या कामात सल्लागार म्हणून मला सहभागी करून घेतले. त्या निर्णयाची ही नोंद आहे.

तक्रारी साध्याच होत्या. काही फाइली वाजतच नसत. पडद्यावर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे. भजनांचा क्रम उलटसुलट होई. त्यातच एक नवी मागणी पुढे आली होती: घरोघरी पडून असलेल्या अहिराणी गाण्यांच्या आणि कीर्तनांच्या जुन्या कॅसेटी याच यंत्रावरून मेमरी कार्डावर उतरवून घेता आल्या पाहिजेत. वरवर पाहता ही मागणी एका जादा बटणाची होती. प्रत्यक्षात सगळ्या प्रकरणाला वळण तिनेच दिले.

प्रश्न कसा मांडला गेला

पहिल्या बैठकीत दोन मते होती. खरेदीचे काम पाहणाऱ्यांचे म्हणणे असे की फक्त एमपीथ्री पुरे आहे. त्यांच्या म्हणण्याला आधार होता. एमपीथ्रीचा डीकोडर, म्हणजे दाबलेली फाइल उलगडून आवाज काढणारा प्रोग्रॅम, लहान असतो, स्वस्तातल्या चिपवरही तो चालतो, आणि या फॉरमॅटचा पेटंट-परवाना कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ रोजी संपल्यामुळे आता त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. दुसरे मत नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरचे होते. बोर्ड नव्याने करतोच आहोत, तर २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंतच्या (म्हणजे आवाजाची सेकंदाला १,९२,००० पर्यंत मोजमापे, अर्थात नमुने, असलेल्या) फाइली, डीएसडी, जमल्यास एमक्यूए हे उच्च क्षमतेचे फॉरमॅटसुद्धा घ्यावेत, म्हणजे पुढची दहा वर्षे बोर्ड बदलावा लागणार नाही, असे त्यांना वाटत होते.

सगळ्यांत चांगला फॉरमॅट कोणता, हाच प्रश्न दोन्ही बाजू सोडवत होत्या, एक किमतीच्या अंगाने आणि दुसरी गुणवत्तेच्या अंगाने. माझे मत असे होते आणि आजही आहे की येथे प्रश्न एक नसून दोन आहेत. यंत्राने काय वाजवावे हे कारखान्याच्या हातात नसते. लोकांजवळ जे आहे त्यावरून ते ठरते. यंत्राने नवीन काय लिहावे हे मात्र सर्वस्वी कारखान्याच्या हातात असते, आणि तेथे घेतलेला निर्णय यंत्र मोडीत निघाल्यानंतरही फाइलींच्या रूपाने उरतो. म्हणून पहिल्या प्रश्नात जितके उदार होता येईल तितके व्हावे आणि दुसऱ्यात जितके काटेकोर राहता येईल तितके राहावे.

पाचोऱ्याकडच्या एका मंडपवाल्यांनी पहिली बाजू एका वाक्यात सांगितली होती: “भाऊ, मन्हा पेनड्राइव्हमा जे शे, ते वाजनं पाहिजे.” तेव्हा आम्ही विक्रेत्यांमार्फत गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्हच तपासायला मागवले.

पेनड्राइव्हमध्ये काय निघाले

अपेक्षेप्रमाणे एमपीथ्री सर्वांत जास्त होत्या, पण त्या एकसारख्या नव्हत्या. स्टुडिओतून आलेल्या, सेकंदाला ३२० किलोबिटच्या फाइलींशेजारीच ६४ किलोबिटवर दाबलेल्या आणि बहुधा अनेक हातांतून पुन्हापुन्हा दाबल्या गेलेल्या फाइली होत्या. दोन हजारच्या दशकात संगणकावर सीडी उतरवून घेताना विंडोज मीडिया प्लेअरने आपसूक तयार केलेल्या डब्ल्यूएमए फाइली काही साउंडवाल्यांकडे अजून होत्या. मोबाइलवर केलेली ध्वनिमुद्रणे एम४ए स्वरूपात, म्हणजे आत एएसी असलेली, सापडली. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले आवाजी निरोप ओपस फॉरमॅटमध्ये असतात, आणि लग्नघरांच्या पेनड्राइव्हमध्ये ते अनपेक्षितपणे बरेच होते, कारण आजी-मावश्यांनी फोनवर म्हणून पाठवलेली हळदीची गाणी तशीच उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकलेली होती.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती एक एएमआर फाइल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते आणि रात्रभर गाणी होतात. अशाच एका रात्री जुन्या कीपॅड फोनवर कोणीतरी केलेले ते ध्वनिमुद्रण होते. एएमआरचा हा प्रकार बोलण्यासाठी घडवलेला आहे: सेकंदाला ८,००० नमुने, जास्तीत जास्त १२.२ किलोबिटचा प्रवाह, म्हणजे तासाभराचा आवाज साधारण साडेपाच मेगाबाइटमध्ये. ४ किलोहर्ट्झच्या वरचे त्यात काहीच शिल्लक राहत नाही. टाळेचा नाद गेला होता, तिचा नुसता ठोका उरला होता. ढोलकीचा बाया हात ऐकूच येत नव्हता. पण गाणाऱ्या बाईंचा शब्द न् शब्द कळत होता आणि चाल पूर्ण होती. फाइल देणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे या गाण्याची दुसरी प्रत नाही आणि गाणाऱ्या बाई आता हयात नाहीत. बाजारातल्या तयार प्लेअरवर ही फाइल वाजत नव्हती.

बहिणाबाई चौधरींच्या ओव्या सोपानदेवांनी आणि आप्तांनी कागदावर उतरवून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत पोचल्या. कागदावर शब्द उतरतात. चाल आणि आवाजाची जात उतरत नाही. ज्या प्रदेशाचे वाङ्मय एवढ्या प्रमाणात तोंडी आहे, तेथे ‘हा फॉरमॅट चालत नाही’ ही सबब यंत्र बनवणाऱ्याने फार जपून वापरली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

काय वाजवावे

एमपीथ्री घ्यायचीच होती, तिची फक्त एक अडचण निस्तरायची होती. एमपीथ्रीची एक फ्रेम, म्हणजे ध्वनीचा एक ठरीव तुकडा, १,१५२ नमुन्यांची असते. ४४,१०० च्या दराने हे साधारण २६ मिलिसेकंद होतात. ध्वनी पूर्ण फ्रेमांतच बसवावा लागत असल्यामुळे एन्कोडर (फाइल तयार करणारा प्रोग्रॅम) आरंभी आणि अखेरीस शांततेची भर घालतो. स्वतंत्र गाण्यांत हे जाणवत नाही. पण सलग भजनाचे मुद्रण तुकडे करून ठेवलेले असेल, तर प्रत्येक सांध्यावर टाळेचा ठेका अडखळतो आणि वारकरी श्रोत्याच्या ते तात्काळ लक्षात येते. लेम या एन्कोडरने केलेल्या फाइलींच्या सुरुवातीला ही भर किती नमुन्यांची आहे याची नोंद असते. ती वाचून तेवढे नमुने गाळणे हे फर्मवेअरमधले, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रॅममधले, लहानसे काम आहे, आणि ते करायचे ठरले.

एएसी १९९७ मध्ये प्रमाणित झाले आणि कमी बिटरेटवर ते एमपीथ्रीपेक्षा सरस आहे, याबद्दल वाद नाही. अडचण परवान्याची होती. चिप विकत घेतली म्हणजे परवानाही आला, असा समज लहान कारखान्यांत सर्रास आढळतो. पण अनेक चिप-उत्पादक आपल्या कागदपत्रांत परवान्याची जबाबदारी अंतिम उत्पादन विकणाऱ्यावर असल्याचे स्पष्ट लिहून ठेवतात. फोनवरची मुद्रणे एएसीमध्ये येत असल्यामुळे ते टाळणे शक्य नव्हते. म्हणून फक्त एलसी हा मूळ प्रकार घ्यायचा आणि परवान्याची बाजू वकिलाकडून आधी तपासून घ्यायची, असे ठरले. एएमआरलाही हीच तपासणी लावली.

ओपसला परवान्याचा खर्च नाही. २०१२ मध्ये आरएफसी (इंटरनेट-मानकांची दस्तऐवज-मालिका) ६७१६ या क्रमांकाने त्याचे मानक प्रसिद्ध झाले आणि त्याची संहिता (प्रोग्रॅमचा मजकूर) सर्वांना खुली आहे. त्याने वेगळाच प्रश्न उभा केला, आणि तो थोडा तपशिलाने सांगण्यासारखा आहे.

डिजिटल ध्वनीच्या जगात दोन घराणी आहेत. सीडीचा दर सेकंदाला ४४,१०० नमुने आहे. सुरुवातीच्या काळात डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत असत, आणि एका रेषेवर ३ नमुने, वापरण्याजोग्या २४५ रेषा व सेकंदाला ६० क्षेत्रे यांचा गुणाकार ४४,१०० येतो. तेथून तो आकडा आला. दुसरे घराणे ४८,००० चे. ओपस आतून याच दराने चालते, आणि ८,००० हा ४८,००० चा नेमका सहावा भाग असल्यामुळे एएमआरही याच घराण्यात बसते. या दोन दरांचे गुणोत्तर १४७ ला १६० असे अडनिडे आहे. एकाच क्लॉकवर (नमुन्यांचा ताल ठरवणाऱ्या घड्याळावर) दोन्ही वाजवायचे असतील, तर एका घराण्याच्या प्रत्येक फाइलीचे नमुने गणिताने नव्याने तयार करावे लागतात; हे गणित घाईने केले तर उंच स्वरांत खरखर येते.

नव्या इंजिनिअरना बोर्डवर दोन क्रिस्टल, म्हणजे क्लॉकचा ठोका देणारे स्फटिक, हवे होते: पहिल्या घराण्यासाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झचा आणि दुसऱ्यासाठी २४.५७६ मेगाहर्ट्झचा. प्रत्येक आकडा आपापल्या दराची नेमकी ५१२ पट आहे. खरेदी विभाग म्हणत होता की एकच क्रिस्टल ठेवून रूपांतर करावे, कारण गाणे चालू असताना माइकवरून सूचना देण्याची सोय प्लेअर-बोर्डवर डिजिटल पद्धतीने करायची होती आणि दोन आवाज मिसळायचे तर दर एकच लागतो. येथे तोडगा जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येच होता. त्यात माइकचा मिक्सर आधीपासून आहे आणि तो उत्तम चालतो. माइक मिसळण्याचे काम तेथेच राहू दिले, की डिजिटल बाजूला एका वेळी एकच फाइल उरते आणि तिला तिच्या मूळ दराने वाजवता येते. दोन क्रिस्टल मंजूर झाले. वाढलेला खर्च किरकोळ होता, आणि रूपांतराची संहिता लिहून तपासण्याची मेहनत वाचली.

डब्ल्यूएमए वगळले. परवाना, संहितेचा आकार आणि नव्याने तयार होणाऱ्या अशा फाइलींची रोडावलेली संख्या, या तिन्ही गोष्टी त्याच्या विरोधात होत्या. मात्र विक्रेत्यांच्या दुकानातील संगणकावर अशा फाइली बदलून देण्याची सोय कारखान्याने विनामूल्य करावी, अशी अट मी घातली आणि मालकांनी ती मान्य केली.

उच्च क्षमतेच्या फॉरमॅटबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तो आग्रह चांगल्या हेतूने धरलेला होता. सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये आणलेली सुपर ऑडिओ सीडी डीएसडी वापरते: एका बिटचे नमुने, सेकंदाला २८,२२,४००. तंत्र म्हणून ते वेधक आहे, पण ती तबकडी सर्वसामान्य घरांत रुजली नाही, आणि खानदेशातील एकाही पेनड्राइव्हमध्ये आम्हाला तशी फाइल आढळली नाही. एमक्यूए २०१४ मध्ये जाहीर झाले. ते एका कंपनीच्या मालकीचे, परवान्याने बांधलेले तंत्र होते; एप्रिल २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि पुढे तिची मालमत्ता दुसऱ्या कंपनीने घेतली. ज्या फॉरमॅटचे भवितव्य एका कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून असते, तो दहा वर्षे टिकावा म्हणून बोर्डावर घेणे म्हणजे हेतूच्या नेमके उलट वागणे झाले असते. इंजिनिअरच्या आग्रहातला रास्त भाग मात्र आम्ही राखला: २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झपर्यंतच्या वेव्ह (न दाबलेल्या) आणि फ्लॅक (हानी न करता दाबलेल्या) फाइली हा बोर्ड वाजवतो. फ्लॅकचा डीकोडर पूर्णांकांच्या गणितावर चालतो आणि प्रोसेसरला फार राबवत नाही. मे महिन्यात, जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, पत्र्याच्या मंडपाखाली ठेवलेल्या बंद पेटीच्या बाबतीत हे गौण नाही.

उतरवून ठेवावे कशात

कॅसेटीचा प्रश्न येथे येतो. खरेदी विभागाचा प्रस्ताव होता की १२८ किलोबिटची एमपीथ्री करावी; तासाला साधारण ५८ मेगाबाइट लागतील आणि कार्ड लवकर भरणार नाही. मी याला ठाम विरोध केला. एमपीथ्री काय टाकून देते हे ऐकायचे असेल, तर टाळ ऐकावी. आघात होण्याच्या क्षणभर आधी एक पुसट सळसळ ऐकू येते, कारण त्या आघाताची त्रुटी एन्कोडर एका वेळी हाताळतो त्या संपूर्ण तुकड्याभर पसरते, आणि पाठीमागे रेंगाळणारा नाद पाणी मिसळल्यासारखा पातळ होतो. ऐकण्याच्या प्रतीत हे चालेल. पण कॅसेट एकदाच उतरवली जाते. पुढे ती फीत चिकटते, तुटते किंवा घर आवरताना टाकून दिली जाते, आणि मग हीच फाइल मूळ प्रत ठरते. ब्लूटूथच्या भोंग्यावर वाजवताना तिचे आणखी एकदा संपीडन होणार, आणि फोनवरून पाठवताना आणखी एकदा. पहिल्या प्रतीत हानी नसणे ही किमान अट आहे.

मग वेव्ह की फ्लॅक, एवढेच उरले. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणलेले वेव्ह अतिशय सरळ आहे. ध्वनी आणि दृक्‌श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही जतनासाठी त्याच कुळातला फॉरमॅट आणि किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सुचवतात. साध्या कॅसेटीचा आवाका (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातला फरक) पन्नास-साठ डेसिबलचा असतो, तर १६ बिटमध्ये ९६ डेसिबल मावतात. तरीही २४ बिट घेण्याला येथे खरे कारण आहे. लेव्हल लावणारी व्यक्ती तंत्रज्ञ नसेल. ती खबरदारी म्हणून लेव्हल बरीच खाली ठेवेल, आणि त्या वेळी हे जादा बिट आवाज सांभाळून घेतील.

निर्णय फ्लॅकच्या बाजूने गेला तो विजेमुळे. वेव्ह फाइलीच्या तोंडाशीच तिची लांबी लिहिलेली असते आणि मुद्रण संपल्यावर ती भरली जाते. मध्येच वीज गेली, तर लांबीच्या जागी शून्य राहते आणि अनेक प्लेअर अशी फाइल रिकामी समजतात. एम४एची स्थिती याहून वाईट असते, कारण त्यातील अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते आणि ती नसेल तर आतला आवाज शोधणेच अवघड होते. फ्लॅकमध्ये प्रत्येक फ्रेमला स्वतःची ओळखखूण आणि तपासणी-बेरीज (माहिती बिघडली का हे दाखवणारा आकडा) असते. एकूण लांबी ‘माहीत नाही’ असे लिहिण्याची मुभा मानकातच आहे. वीज गेली त्या क्षणापर्यंतचा आवाज त्यामुळे हाती राहतो. याला जोड म्हणून फर्मवेअर दर काही सेकंदांनी कार्डावरील फाइलीची नोंद अद्ययावत करते, कारण एफएटी या कार्डावरच्या फाइल-नोंदीच्या पद्धतीत ती नोंद मागे राहिली तर आतली माहिती शाबूत असूनही फाइल शून्य बाइटची दिसते. मुद्रण नीट पूर्ण झाले की फ्लॅकच्या शीर्षभागात मूळ ध्वनीची एमडी५ ही तपासणी-बेरीज लिहिली जाते. काही वर्षांनी कार्डावरची प्रत तशीच आहे की खराब झाली आहे, हे त्यावरून सांगता येते. साध्या वेव्ह फाइलीत ही सोय नाही.

जागेचा हिशेब असा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन वाहिन्या यांना तासाला १.०४ गिगाबाइट लागतात. फ्लॅकने यात चांगली बचत होते. पण कॅसेटीची फुसफुस खालच्या बिटांत भरलेली असते आणि गोंगाटाचे संपीडन होत नाही, म्हणून ती सीडीच्या १६ बिटांइतकी होत नाही. ६४ गिगाबाइटच्या कार्डावर एखाद्या गावाच्या सगळ्या कॅसेटी तरीही सहज मावतात. फ्लॅकची पहिली स्थिर आवृत्ती २००१ ची आहे, संहिता खुली आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ म्हणून त्याचे औपचारिक मानक प्रसिद्ध झाले आहे. दीर्घकाळ टिकायच्या गोष्टीसाठी मला हे पुरेसे वाटते.

नावे आणि क्रम

क्रमाची तक्रार लवकर मिटली. तयार प्लेअर फाइली कार्डावर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवत होता; नव्या बोर्डात नावांची वर्गवारी केली आणि काकड्याच्या आधी शेजारती लागणे थांबले.

देवनागरी नावांना वेळ लागला. फाइलीत नाव युनिकोडमध्ये नीट असते. अडचण ते पडद्यावर काढण्याची असते. ‘भक्तिगीते’ या नावात ऱ्हस्व वेलांटी साठवताना ‘त’च्या नंतर येते, पण दिसताना ती संपूर्ण ‘क्त’च्या आधी यायला हवी. ‘कीर्तन’मधला रफार ‘त’च्या डोक्यावर चढायला हवा. मोठ्या संगणकावर हे काम करणारी प्रणाली या लहान चिपमध्ये मावत नव्हती, म्हणून मराठीला लागणारे नियम आणि जोडाक्षरांचा तक्ता एवढेच वेगळे लिहून घेतले. अहिराणीलाही तेवढे पुरते.

सद्यस्थिती

पहिल्या खेपेचे बोर्ड निवडक गिऱ्हाइकांकडे बसवले आहेत. कानबाईची ती एएमआर फाइल त्यांवर वाजते. नंदुरबारकडून मात्र काही एम४ए फाइलींचा आवाज दबका येतो असे कळले. तपासल्यावर त्या एचई-एएसी प्रकारच्या निघाल्या. एलसी डीकोडर त्यातला खालचा अर्धा पट्टा तेवढा वाजवतो आणि वरचा भाग पुन्हा उभा करण्याच्या सूचना सोडून देतो. त्यासाठीची संहिता मावेल इतकी जागा बोर्डावर मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. परवान्याच्या अटी लेखी हाती येईपर्यंत ती फर्मवेअरमध्ये घालू नये, आणि तोवर अशी फाइल लागल्यास पडद्यावर तसे स्पष्ट मराठीत दाखवावे, असे मी मालकांना कळवले आहे.